तंबूखालची जमीन कुणाची?

मुक्कामाची जागा निवडताना लोक पाणी पाहतात. जमीन कुणीच पाहत नाही.

डिसेंबर उजाडला की पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या डिक्या तंबूंनी भरतात. भिगवण आलं की गाडी डावीकडे वळते, पाणी चमकलं की थांबते, आणि तिथंच खुंट्या ठोकल्या जातात. जागा कुणाची, माती कसली, वारा कुठून येतो, पाणी कुठवर चढतं, यातलं काहीच विचारलं जात नाही. भाड्यानं घर घेताना हीच माणसं नळाला पाणी किती वाजता येतं ते तीनदा विचारतात.

रात्रीपुरत्या घराला मग एवढी सूट का?

भिगवणचं पाणी हा तलाव नाही, उजनी धरणाचा पाणफुगवटा आहे. 1980 साली पूर्ण झालेलं, भीमेवरचं धरण. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. धरण भरलं की पातळी 496.83 मीटर, मृतसाठ्याला टेकलं की 491.03. उभा फरक सहा मीटरसुद्धा नाही. पण इंदापूरकडचा काठ सपाट आहे, आणि सपाट काठावर सहा मीटर म्हणजे आडवी शेतंच्या शेतं. नोव्हेंबरात पसंत केलेली जागा मे महिन्यात पाण्यापासून लांब, भेगाळलेल्या गाळात असते. मे महिन्यात पसंत केलेली सप्टेंबरात पाण्याखाली.

म्हणजे इथे कायमचा काठ असा नाहीच. ‘लेक व्ह्यू’ची जाहिरात मात्र बाराही महिने तीच.

आता जमीन. पाणी मागे सरकलं की उघडी पडते ती गाळपेर. धरणासाठी संपादित झालेली, म्हणून सरकारी. ज्यांची मूळ शेतं पाण्याखाली गेली अशी धरणग्रस्त कुटुंबं तिच्यावर हंगामापुरतं पीक घेतात. आपल्याला ‘मोकळी जागा’ दिसते, आपण गाडी घालतो, आणि चाकं जातात ती कुणाच्या तरी पेऱ्यावरून. आधी धरणानं शेत घेतलं, आता शनिवार-रविवारनं गाळपेरही घ्यायची?

काठावरचे खाजगी कॅम्पवाले ‘आपलीच जागा आहे’ असं सांगतात. असेलही. पण पूर्ण संचय पातळीच्या रेषेच्या वर की खाली, एवढं विचारा. वर असेल तर सातबारा असेल. खाली असेल तर ती जागा त्यांची नाही आणि तुम्ही दिलेले पैसे कशाचे, हा प्रश्न उरतो.

एक गोष्ट पावसाळी मंडळींसाठी, कारण हल्ली ऑगस्टातही तंबू दिसतात. उजनीचं पाणी इंदापूरच्या पावसावर चढत नाही. इंदापूर पर्जन्यछायेत. पाऊस पडतो मावळ-मुळशीच्या डोंगरात, खडकवासल्यातून विसर्ग सुटतो, पुण्यात बंडगार्डनच्या विसर्गाचा आकडा वाढतो आणि इथे कोरड्या आभाळाखाली पाणी वर येतं. डोक्यावर चांदणं असलं तरी पायाशी पाणी येऊ शकतं.

नीरा नरसिंहपूरला तर दुहेरी हिशेब. नीरा आणि भीमा तिथे मिळतात. भीमेला उजनीचं सोडलेलं पाणी, नीरेला वीर धरणाचं. संगम पाहायला सुंदर, देऊळ सुंदर, घाट सुंदर. वाळवंटात मात्र तंबू नको. गावात राहा आणि पहाटे घाटावर जा. अंतर असतं किती?

आणि मे महिना. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा जण गेले. ती सहलीची बोट नव्हती, या काठावरून त्या काठावर रोज जाणारी माणसं होती. पाण्याचा अख्ख्या जन्माचा सराव असलेल्या काठाला वळवाच्या वाऱ्यानं एवढा फटका दिला. मग चार काड्या आणि नायलॉनचं कापड घेऊन उघड्या काठावर मे महिन्यात झोपणाऱ्याला कुणी अडवत का नाही?

अडवणारं कुणी नाही, कारण इथे तंबूंसाठी अशी अधिकृत जागाच ठरवलेली नाही.

आता पक्ष्यांचं. हिवाळ्यात लोक भिगवणला येतात ते रोहितांसाठी. पट्टकादंब येतात, बदकं येतात, भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची सारंगार आहे. हे सगळं उथळ पाण्यावर आणि चिखलाच्या कडेवर जगतं. नेमकी तीच कड आपल्याला तंबूसाठी हवी असते. आणि रोहित फक्त दिवसा चरतो हा समज सोडा. तो रात्रीही चरतो. आपला स्पीकर आणि फ्लडलाइट चालू होतो तेव्हा त्याचं जेवण चालू असतं.

ज्याला पाहायला शंभर किलोमीटर आलात, त्यालाच रात्री उठवून लावता?

पवना धरणाच्या काठाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तंबूला तंबू लागले, स्पीकरला स्पीकर भिडले, काठावर प्लास्टिक साचलं. तिथून कंटाळलेले लोक ‘शांत जागा’ शोधत इकडे येतात. येताना सवय मात्र तिकडची घेऊन येतात.

भिगवणसाठी माझं मत स्पष्ट आहे. पाण्याकाठी झोपू नका. कुंभारगावात, डिकसळला स्थानिकांकडे उतरा. मच्छीमार कुटुंबाच्या घरचं माशाचं कालवण आणि बाजरीची भाकरी खा, लवकर झोपा, आणि उजाडताना त्यांच्याच होडीनं पाण्यावर जा. होडीवाल्याला ‘थव्याच्या अजून जवळ घे, उडू देत’ असं सांगू नका. उडणाऱ्या थव्याचा फोटो तुम्हाला मिळतो आणि पक्ष्याची सकाळची चरणी बुडते. चांगला होडीवाला स्वतःच नकार देतो. त्यालाच पुढच्या वेळी पुन्हा फोन करा.

तंबूतच झोपायचंय? मग पाण्याकडे पाठ करा आणि बारामतीच्या जिरायत पट्ट्यातल्या शेतांकडे वळा. सुपे, मोरगाव, शिर्सुफळ. नकाशावर हा भाग कुणी बोट ठेवून दाखवत नाही. पण मुक्कामाला हीच जमीन चांगली. मुरमाड, निचऱ्याची, खुंटी घट्ट धरणारी. डास कमी, आभाळ मोठं. रब्बीची ज्वारी हुरड्याला आली की आगटीभोवती बसायचं, कणसं भाजायची, गरम हुरडा हातावर चोळायचा, सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. बागायतीतल्या काळ्या रानात हे सुख नाही. तिथे पहाटे दव इतकं पडतं की तंबू आतूनही ओला होतो.

कालव्याच्या पट्ट्यात उतरायचं असेल तर दोन गोष्टी पाहा. तंबूशेजारी उभा ऊस नको, कारण बिबट्याचा वावर आता फक्त जुन्नरची बातमी राहिलेली नाही. आणि तुटलेल्या उसाच्या फडाशेजारी शेकोटी नको. वाळलेलं पाचट एका ठिणगीत पेटतं आणि शेजारचा उभा ऊस घेऊन जातं. तुमची एक रात्र, त्याचं सबंध वर्ष.

खाजगी जागांना मी नावं ठेवत नाही. उलट खाजगी मुक्कामाची चांगली वाट बारामती तालुक्यानंच दाखवली. कृषी पर्यटन हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा, 2005 च्या सुमारास, पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ माळेगावात शेतावरच्या पाहुणचाराचं केंद्र उभं केलं. पुढे राज्यभर शेतकऱ्यांनी ती वाट धरली, आणि 2020 मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय झाली. शेतकऱ्याच्या हातात पिकाखेरीज चार पैसे यावेत, हा त्यातला गाभा.

पण पाटी लावली म्हणून शेत होत नाही. हल्ली ‘अ‍ॅग्रो’ नावाच्या किती जागांवर शेती दिसते? पोहण्याचा हौद, कृत्रिम हिरवळ, रेन डान्स, बैलगाडी फोटोपुरती. उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीला टँकरनं पाणी येतं आणि इकडे रेन डान्स चालू. जिरायत पट्ट्यात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे नाचायला पाऊस विकत घेणं मला पटत नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही.

जागा ठरवण्याआधी फोनवर विचारा: नोंदणी आहे का, शेतात सध्या काय उभं आहे, संडासाचं पाणी कुठं जातं, रात्री दहानंतर स्पीकर बंद होतो का. पहिल्या तीन प्रश्नांना मालक नीट उत्तर देतो. चौथ्याला ‘तुमच्यावर आहे, साहेब’ म्हणाला तर दुसरी जागा बघा. त्या रात्री शेजारच्या तंबूतही कुणीतरी ‘साहेब’च असणार.

पोचायचं मात्र दिवसाउजेडी. गाळपाचा हंगाम आणि सहलीचा हंगाम एकच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, सगळीकडे कारखाने सुरू असतात. अंधारात उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यानं चालतात, मागे दिवा असेलच असं नाही. सूर्यास्ताचा फोटो मुक्कामावर काढा, रस्त्यावर नको.

आता सर्वांत मोठा गैरसमज. माळरान दिसलं की लोकांना ते ‘सरकारी मोकळी जागा’ वाटतं. कुणाची परवानगी नको, पैसे नकोत, शेकोटीला काटक्या आहेतच. सरकारी कागदांनीही वर्षानुवर्षं या गवताला पडीक म्हटलं. ते पडीक नाही. भरलेलं आहे.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र अवघं 5.14 चौरस किलोमीटर, चिंकारा हा त्याचा मानकरी. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि आग लावणं, दोन्हींना 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे. आणि कुंपणाबाहेरही गोष्ट संपत नाही. इंदापूरचं कडबनवाडी, बारामतीचं शिर्सुफळ. इथल्या गवतात लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे, चिंकारा आहे. वनखात्यानं 2024 मध्ये या दोन्ही ठिकाणी गवताळ सफारी सुरू केली. नोंदणी करा, गाडीतून ठरलेल्या वाटेनं फिरा, परत या. खात्याच्या कामातलं हे मला मनापासून आवडलेलं काम आहे, कारण गवत पाहायला पैसे मोजावे लागतात हे पहिल्यांदाच लोकांना कळलं.

पण रात्र त्या गवतात काढू नका. धाविक, चंडोल, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या ससाणे रात्री झाडावर बसत नाहीत. ते गवतातच, जमिनीवर थव्यानं झोपतात. तुम्ही तंबू टाकायला गवत तुडवता तेव्हा कुणाची तरी झोपायची जागा तुडवता. लांडग्याची तर त्याहून अडचण. त्याला दिवसा मेंढपाळ, रात्री तुम्ही. त्यानं हिंडायचं कधी?

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत मुक्कामाची जागा कुणाला कळते, ते सांगतो. धनगराला. त्याचा वाडा कुठे पडतो ते एकदा नीट पाहा. ओढ्याच्या खळग्यात कधीच नाही, कारण थंडी तिथे साचते. टेकाडाच्या माथ्यावर नाही, कारण वारा. बांधाच्या आडोशाला, उताराच्या मध्यावर, शेतकऱ्याशी आधी बोलून. मेंढ्या रात्रभर शेतात बसतात, शेताला खत मिळतं, आणि शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. मुक्काम करणाऱ्यालाच जमीनमालक मोबदला देतो, असा दुसरा पाहुणा दाखवा.

आणि वारकऱ्याला. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढात याच दोन तालुक्यांतून जाते. नारायण महाराजांनी 1685 मध्ये सुरू केलेली परंपरा. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम. मधे काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवडीत अश्वांचं. दिंडीचा ट्रक पुढे जातो, माणसं पोचायच्या आत राहुट्या उभ्या राहतात. राहुटीभोवती चर खणतात, पाणी बाहेर काढायला. स्वयंपाकाची जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मधे येण्याजाण्याची वाट मोकळी. कुणाची राहुटी कुठे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. हजारो माणसं एका रात्रीत गाव वसवतात आणि पहाटे ते उचलून चालू लागतात. मागे कचरा उरतो, हे खरं, आणि त्यावर निर्मलवारीसारखे प्रयत्न करावे लागतात. पण सार्वजनिक मुक्काम कसा चालवायचा, हे शिकायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही.

मग त्या मुक्कामासाठी गावोगाव राखलेले पालखीतळ बाकीचे दिवस काय करतात?

कुठे क्रिकेट, कुठे सभा, कुठे बाजार, कुठे नुसत्या वेड्या बाभळी. जागा सार्वजनिक, रस्त्यालगत, सपाट, माणसांच्या मुक्कामासाठीच राखलेली. पाटस ते तोंडले-बोंडले असा रुंद पालखी महामार्ग दारात आलेला. नळ, संडास, दिवे, सावली यांसाठी सरकारी पैसा इथे खर्च होतोच, पण हिशेब एका रात्रीचा. डिसेंबर-जानेवारीत याच तळाचा एक कोपरा तंबूवाल्यांना का उघडू नये? ग्रामपंचायतीनं पावती फाडावी. रात्री दहाला शांतता. दारू नाही. शेकोटी ठरलेल्या खड्ड्यातच. कचरा आणला तेवढा परत न्यायचा. गावातल्या बचतगटाच्या बायकांकडे जेवणाचं काम.

तळाचं पावित्र्य जाईल, अशी ओरड होईल. मला ही काळजी खरी वाटते, खोटी नाही. म्हणूनच दारूबंदीचा नियम पहिला आणि पावती फाडणारा माणूस गावातलाच. पण सध्या बाभळीआड काय काय चालतं, ते गावाला ठाऊक आहे. उघड्या, राबत्या, उजेडाच्या जागेनं पावित्र्य जातं की राहतं?

दुसरी ओरड रिसॉर्टवाल्यांची असेल: सरकारनं स्वस्त जागा दिल्यावर आमच्याकडे कोण येणार? ज्याच्याकडे खरंच शेत आहे, आगटी आहे, घरचं जेवण आहे, त्याच्याकडे येतीलच. ज्याच्याकडे फक्त तंबू आहे, त्यानं घाबरावं.

बाहेरच्या जगातलं एकच उदाहरण घेतो. नॉर्वेत 1957 च्या कायद्यानं मोकळ्या रानात कुणालाही तंबू टाकायचा हक्क आहे, पण राहत्या घरापासून किमान 150 मीटर दूर. पीक उभ्या शेतात नाही. एक साधी रेघ, सगळ्यांना माहीत. आपल्याकडे हक्कही लिहिलेला नाही आणि रेघही नाही. म्हणून धीट माणूस कुठेही घुसतो, आणि लेकराबाळांचं, साध्या पगाराचं कुटुंब पैशाअभावी घरी राहतं. शिक्षकानं चाळीस मुलांना चांदण्या दाखवायला न्यायचं म्हटलं तर दोन तालुक्यांत त्याला परवडेल अशी जागा कोणती? शाळेचं मैदान, बस.

आणि तंबूबद्दल इतकं बोलतोय तर त्याच हिवाळ्यात इथे मुक्कामाला असलेल्या सर्वांत मोठ्या वस्तीबद्दल बोलायलाच हवं. ऊसतोडीच्या टोळ्या. बीड-अहिल्यानगरकडून आलेली कुटुंबं, कोप्यांमध्ये चार-पाच महिने. थंडी तीच, आभाळ तेच, कापड त्याहून पातळ. बाई पहाटेच्या अंधारात उठते, चूल पेटवते, फडावर जाते. संडास नाही, म्हणून अंधार संपायच्या आत. आपण तंबूत झोपायचे पैसे देतो आणि तिला झोपायला दुसरं छप्परच नसतं.

पालखीतळावर नळ आणि संडास उघडायचे असतील तर कुलपाची किल्ली फक्त पुण्याच्या गाड्यांना मिळता कामा नये. शेजारी कोप्या पडल्या असतील तर त्या बायकांना फुकट आणि आधी. सार्वजनिक जागा म्हणायचं तर एवढं तरी.

यातलं काहीच अवघड नाही. नवी जमीन लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. दरवर्षी आषाढाच्या आधी पालखी नियोजनाच्या बैठका होतात. प्रांत असतात, तहसीलदार असतात, गटविकास अधिकारी असतात, सरपंच असतात. तळांचा विषय निघतो, पाण्याचा निघतो, फिरत्या शौचालयांचा निघतो. सणसरच्या, निमगाव केतकीच्या, सराटीच्या सरपंचांनी त्याच बैठकीत हात वर करावा आणि विचारावं: पालखी पुढे गेली की उरलेल्या दिवसांचा ठराव आम्ही करायचा, की तुम्ही?